मेमोचा मसुदा तयार आहे, द्यावा का?

एका जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या कार्यालयात अधीक्षक असलेल्या चोपन्न वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

वडील नोकरीत असतानाच गेले आणि १९९३ साली ताई अनुकंपा तत्त्वावर त्याच खात्यात लिपिक म्हणून लागल्या. टाइपरायटर, कार्बन, सायक्लोस्टाइल इथपासून ई-ऑफिसपर्यंत सगळं त्या शिकत आल्या. निवृत्तीला आता चार वर्षं आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाखेत एमपीएससीतून सत्तावीस वर्षांचा एक लिपिक-टंकलेखक रुजू झाला. एम.एस्सी. झालेला, पुण्यात अभ्यासिकेत काही वर्षं काढलेला, कामाला चोख. जेवणाच्या सुट्टीत अजूनही राज्यसेवेची पुस्तकं उघडून बसतो. तो आला तेव्हा ताईंनीच त्याला सगळं समजावलं, अगदी 'तोंडी आदेशावर काही करायचं नाही' इथपर्यंत.

काही महिन्यांपूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये ताई एक प्रस्ताव समजावून सांगत होत्या. त्या नव्या मुलानं मोबाइल पुढे केला, "मॅडम, हा जीआर (शासन निर्णय) अधिक्रमित झालाय, नवा आलाय." साहेब हसून म्हणाले, "अधीक्षक मॅडम, जरा अपडेट राहत चला." त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. पुढे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात एका तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, माहिती संध्याकाळी साडेपाचला मागितली गेली, सकाळी पोचवायची होती. सव्वासहाला मुलगा बॅग घेऊन उठला. ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही रात्री अकरापर्यंत थांबायचो. तुम्हाला फक्त पगार पाहिजे." तो म्हणाला, "मॅडम, लेखी द्या, थांबतो," आणि निघून गेला. ताई आणि दोन जुने कर्मचारी साडेनऊपर्यंत बसले.

तेव्हापासून तो डबा खायला सगळ्यांत येत नाही आणि जे सांगायचं ते ई-मेलनं सांगतो. ताई लिहितात, "माझी पेन्शन पक्की असताना जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात मी यांच्यासाठीच बसले होते. पण या पिढीला ना नोकरीची कदर, ना माणसांची. त्याला द्यायच्या मेमोचा, म्हणजे लेखी खुलासा मागणाऱ्या कागदाचा, मसुदा करून ठेवलाय. द्यावा, की चार वर्षं तोंड मिटून काढावीत?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात झोप उडाल्याचा उल्लेख एकदाच आहे, आणि तो तारांकित प्रश्नाच्या रात्रीचा नाही. त्या रात्री तुम्ही दमून घरी गेलात, चिडलेल्या होतात, पण झोप उडाली ती केबिनमधल्या प्रसंगानंतर. म्हणून आधी तिथे थांबू.

त्या दिवशी दोन माणसं दोन वाक्यं बोलली. जीआर बदललाय, असं मुलगा म्हणाला. ती माहिती होती आणि खरी होती. अधिक्रमित निर्णयाचा हवाला देऊन प्रस्ताव वर गेला असता तर त्रुटी लागून परत आला असता, आणि त्याखाली सही तुमची असती. साहेब म्हणाले, अपडेट राहत चला. त्यात माहिती कुठलीच नव्हती. तो टोमणा होता, तोही तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला, तिच्या हाताखालच्या माणसासमोर. आता विचार करून सांगा, रात्रभर कोणतं वाक्य कानात वाजत होतं?

माझा अंदाज आहे, साहेबांचं. पण साहेबांवर चिडायची सोय आपल्या कार्यालयांत नसते. त्यांच्यासमोर आपण "हो सर" म्हणतो आणि ती चीड घेऊन आपल्या टेबलावर येतो. मग जो समोर असतो आणि ज्याच्यावर चिडता येतं, त्याच्या नावावर ती चढते. तारांकित प्रश्नाच्या संध्याकाळी तुमच्या तोंडून जे निघालं त्यात त्या दिवसाची तातडी होती, पण केबिनमधली थकबाकीही होती. मेमोचा जो मसुदा तुम्ही केलाय तो याच नजरेनं एकदा वाचा. त्यात किती ओळी सव्वासहाच्या आहेत आणि किती त्या टोमण्याच्या?

भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं की आपल्याकडे प्रशिक्षणाच्या वर्गात राग गिळायला, हसतमुख राहायला आणि टाळ्या वाजवायला शिकवतात. मूळ कल्पनेत असं काही नाही. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ती मांडली तेव्हा त्यांनी तीन गोष्टी एकत्र धरल्या होत्या: आपल्या आणि दुसऱ्याच्या भावनांवर लक्ष ठेवणं, त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं, आणि त्यातून जे कळलं ते विचारात आणि वागण्यात वापरणं. मधली पायरी सगळे गाळतात. साहेबांनी केलेला अपमान, मुलानं वेळ पाहून बोलायला हवं होतं ही नाराजी, जीआर आपल्याला माहीत नव्हता याची लाज आणि चार वर्षांनी या खुर्चीला आपली गरज उरणार नाही ही धाकधूक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात त्या सगळ्यांना तुम्ही एकच नाव दिलंत, 'ही पिढी'.

पिढीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण हल्ली 'जेन झी अशी आणि मिलेनियल तशी' याची भाषणं कंपन्यांत आणि सरकारी प्रबोधिन्यांत सारखीच चालतात. हे जन्मसालाचे कप्पे अमेरिकेच्या लोकसंख्येवरून पडलेले आहेत. तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनं २०२० साली उपलब्ध संशोधन तपासलं आणि नोकरीतल्या माणसांबद्दलचे निर्णय या कप्प्यांवरून घेऊ नका, असं म्हटलं. कारण साधं आहे. सत्तावीस वर्षांचा माणूस बेफिकीर वाटला तर तो त्याच्या वयाचा भाग आहे, चालू काळाचा आहे की जन्मसालाचा, हे बहुतेक अभ्यासांना वेगळं काढताच आलेलं नाही. तुम्ही १९९३ मध्ये रुजू झालात तेव्हा तुमच्या अधीक्षकांनी तुमच्याबद्दल काय म्हटलं असेल, आठवून पाहा.

पण तुमच्या कार्यालयात एक खरी रेघ आहे, आणि ती तारखेची आहे: १ नोव्हेंबर २००५. त्या आधी रुजू झालेल्यांना शेवटच्या वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन. त्या दिवसापासून पुढे आलेल्यांना पगारातून कापून जाणारी अंशदायी योजना. नंतर सुधारित योजनांचे पर्याय आले, तरी तुमच्या मनात नोकरीबद्दल जो निवांत भरवसा आहे तो त्याच्या मनात तसा नाही. तुमच्या घरातला कर्ता माणूस गेला आणि या खात्यानं घर सावरलं. रात्री अकरापर्यंत थांबताना तुम्ही ते ऋण फेडत होतात, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. त्याला ही नोकरी कोणी दिलेली नाही. अभ्यासिकेत वर्षं घालवून, हजारोंमधून निवडून तो आला, आणि ज्या पदासाठी आला होता ते अजून मिळालेलं नाही. त्याची कदर तुमच्यासारखी दिसणार नाही. दोन वर्षांत काम चोख आहे असं तुम्हीच लिहिता. कदर याहून वेगळी कशी दाखवावी, अशी तुमची अपेक्षा आहे?

संपाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला तुमच्याबद्दल फार आदर वाटला. स्वतःला काही मिळवायचं नसताना तुम्ही बसलात. पण हे त्याला माहीत आहे का? तो तेव्हा रुजूही झालेला नव्हता. जे उपकार समोरच्याला ठाऊकच नाहीत त्यांची परतफेड आपण मनातल्या मनात मागत राहतो, आणि ती आली नाही की दुखावतो.

आता सव्वासहाची गोष्ट. तो तसा निघून गेला हे मला पटलेलं नाही. तारांकित प्रश्नाला उत्तर द्यायला मंत्री सभागृहात उभे राहतात, माहिती अपुरी असेल तर खालपर्यंत विचारणा होते, आणि ते काम उद्यावर ढकलता येत नाही. शासकीय नोकरीत राहायचं तर हे कळायला हवं. पण त्याला ते कोणी सांगितलं होतं का? तालुक्यांना कोणत्या क्रमानं फोन करायचे, कोणता तक्ता जुन्या फाइलमधून उचलता येतो, कोणाकडून आकडा मिळवण्याआधी दहा मिनिटं घरच्यांची विचारपूस करावी लागते, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. लेखी कुठेच नाही. त्याच्या दृष्टीनं साडेपाचला एक कागद आला आणि सव्वासहाला कार्यालय सुटलं. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा रोजची वेळ वाढवूनच पावणेदहा ते सव्वासहा केली होती. तो नियमाप्रमाणे चालला होता. आणि सकाळपासून हा प्रश्न कोणाच्या टेबलावर पडून होता, हेही एकदा तपासा. साडेपाचला खाली आलेली तातडी बहुतेक वेळा वर कुठेतरी दिवसभर झोपलेली असते.

'लेखी द्या' हे तुम्हाला उद्धटपणाचं वाटलं. पण तोंडी आदेशावर काही करायचं नाही हा धडा त्याला तुम्हीच दिलात. जुन्या लोकांनी नव्यांना दिलेला हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे, आणि चौकशी लागलेल्या कित्येक लिपिकांना त्यानंच वाचवलं आहे. तुम्ही सगळ्यांसमोर 'तुम्हाला फक्त पगार पाहिजे' म्हणालात तेव्हा त्याच्याकडे दुसरी ढाल नव्हती. आजही तो ई-मेलवर बोलतो आहे ते मला सूड म्हणून दिसत नाही. ज्या माणसाला वाटतं की इथे आपला शब्द आपल्यावर उलटू शकतो, तो असाच वागतो.

आणखी एक शंका आहे. शाखेतलं संगणकाचं वरकड काम कोण करतं? कोणाची वेतन पावती काढून दे, कोणाच्या ई-ऑफिसच्या लॉगिनमधून फाइल पुढे सरकवून दे, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दे आणि 'तू पटकन करतोस ना' म्हण. बहुतेक कार्यालयांत हे तरुण मुलाच्या गळ्यात पडतं आणि कामाच्या कोणत्याच हिशोबात धरलं जात नाही. त्यातून दुसऱ्याच्या लॉगिननं केलेल्या कामाची जबाबदारी उद्या कोणावर येईल, हा प्रश्न वेगळाच. तुमच्याकडे हे होत असेल तर त्याच्या सव्वासहाकडे तुम्ही निराळ्या नजरेनं पाहाल.

आता मेमो. माझं मत: आत्ता देऊ नका. त्या संध्याकाळबद्दल दिलात तर तो उत्तरात लिहील की लेखी आदेश नव्हता, वेळ संपली होती, आणि अधीक्षकांनी सर्वांसमोर अपमानास्पद शब्द वापरले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यानंतर तो कागद सत्तावीस वर्षांच्या माणसाच्या सेवेत राहील आणि तुमच्या शाखेत जे थोडंफार बोलणं उरलंय तेही संपेल. मेमोची वेळ कधीच येत नाही, असं मी म्हणत नाही. नेमून दिलेलं काम वारंवार राहिलं, टपाल दडवलं, अभ्यागतांशी उर्मटपणे वागला, आणि समोरासमोर सांगूनही बदल झाला नाही, तर मेमो देणं तुमचं कामच आहे. तेव्हा तारखा आणि फाइल लिहा. 'उद्धट', 'बेजबाबदार' अशी विशेषणं लिहू नका. ज्या मेमोतून विशेषणं काढल्यावर काही उरत नाही, तो देण्याजोगा नसतो.

आणि तोंड मिटून चार वर्षं काढणं हा पर्यायही मला बरा वाटत नाही. दाबलेला राग चेहऱ्यावर दिसला नाही तरी टेबलाटेबलांवर पसरतो. बाकीचे दोन जुने कर्मचारी आताच तुमच्या बाजूनं बोलू लागले असतील. उद्या आणखी एक नवा मुलगा आला की शाखेचे सरळ दोन तट पडतील.

तिसरा रस्ता बोलण्याचा आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण सुरुवात तुम्हाला करावी लागेल. अधिकार तुमच्याकडे आहे म्हणून. वयानं मोठ्या माणसानं कशाला नमायचं, असं मनात येईल. पण ज्याच्या हातात गोपनीय अहवाल असतो त्याच्यासमोर कनिष्ठ माणूस आपणहून मन मोकळं करत नाही. समंजसपणाची पहिली किंमत वरच्याच खुर्चीनं द्यायची असते. वरिष्ठांनी चिडायचं आणि कनिष्ठांनी समजून घ्यायचं, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणत नाहीत.

टेबलाच्या पलीकडे त्याला उभं करून बोलू नका, आणि चहाला सगळे जमलेले असतानाही नको. अभिलेख कक्षात फाइल शोधायला जाताना किंवा कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चालेल. आईच्या सुरात बोलू नका. 'माझ्या मुलासारखा आहेस' हे वाक्य आपल्याला मायेचं वाटतं, पण त्याला त्यावर काही उत्तरच देता येत नाही. साधारण असं म्हणता येईल: "केबिनमध्ये तू जीआरचं सांगितलंस ते बरोबर होतं, त्यामुळे माझी सही वाचली. साहेबांसमोर ऐकावं लागलं म्हणून मला लागलं. पुढच्या वेळी आत जायच्या आधी सांग, मी ऐकेन. आणि त्या संध्याकाळी पगाराचं जे बोलले ते मी बोलायला नको होतं." एवढं बोलून थांबा. 'पण तूसुद्धा' असं पुढे जोडलंत तर आधीचं सगळं वाया गेलं. मग विचारा, "त्या दिवशी तुझं काय झालं होतं?" आणि गप्प बसा. घरी कोणी आजारी असेल, शेवटची एसटी चुकणार असेल किंवा नुसता राग आला असेल. उत्तर काहीही असो, लगेच त्याचा निवाडा करू नका.

पगाराचं वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. ते मागे घेतलंत हेही शाखेत निदान एकदा सगळ्यांच्या कानावर पडू द्या. भाषण नको. "त्या दिवशी मी जास्त बोलले," एवढं पुरे. तुमचा मान कमी होणार नाही. बाकीच्यांना फक्त एवढं कळेल की इथे चुकलं तर बोलता येतं.

त्याच्याशी बोलून झाल्यावर कामाचं ठरवा. अधिवेशनं अचानक येत नाहीत. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात, साधारण महिने सगळ्यांना ठाऊक असतात. त्या आठवड्यांत कोणत्या दिवशी कोण थांबणार याची पाळी आधी लावा, त्यात स्वतःलाही धरा, आणि जो उशिरा थांबला त्याला दुसऱ्या दिवशी थोडी सवलत द्या. पाळीचा साधा कागद फलकावर लावला की त्याचा 'लेखी द्या'चा प्रश्नही सुटतो आणि तुम्हाला कोणाची विनवणी करावी लागत नाही. जुने तारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं आणि कोणाकडून काय मिळतं याची एक फाइल तुम्ही सांगा आणि त्याला बनवू द्या. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर आपल्या विभागाचं नवं काय आलं हे दर सोमवारी पाहून शाखेला सांगण्याचं काम त्याला रीतसर नेमून द्या, कामवाटपाच्या आदेशात लिहून. तेच काम 'बघ रे जरा' म्हणून सांगितलंत तर तो आणखी एक वरकड हेलपाटा होईल.

त्याच्या जेवणाच्या सुट्टीतल्या अभ्यासाकडे लक्ष देऊ नका. ती वेळ त्याची आहे. तो पास होऊन गेला तर तुमच्या शाखेतला मुलगा अधिकारी झाला असं तुम्हीच चार लोकांना सांगाल.

या पत्रातल्या मुलाच्या जागी जे वाचक आहेत, त्यांनाही दोन शब्द. तुमची माहिती बरोबर असते, पण ती कोणासमोर सांगता यानं तिचा अर्थ बदलतो. केबिनच्या दाराबाहेर "मॅडम, नवा जीआर आलाय" म्हटलं असतं तर अधीक्षक आत जाऊन तुमचंच नाव घेऊन बोलल्या असत्या. थांबणं शक्य नसेल तर बॅग उचलण्याआधी सांगा की आज मी का थांबू शकत नाही आणि सकाळी किती वाजता येऊन काय करू शकतो. लेखी आदेश मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो प्रत्येक वेळी वापरलात तर अडचणीच्या दिवशी तोंडी शब्दावर तुमच्यासाठी धावणारं कोणी राहणार नाही.

ताई, साहेबांचं राहिलं. त्यांना सुधारण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण एकटे असताना शांतपणे म्हणून पाहा, "सर, माझं काही चुकलं तर मला बोलवून सांगा, स्टाफसमोर बोललात की शाखा चालवणं अवघड जातं." कामाच्या भाषेत सांगितलं तर बरेच अधिकारी ऐकतात. नाही ऐकलं तरी पुढच्या टोमण्याला तुम्हाला निदान माहीत असेल की राग कुणाचा आहे.

कदाचित मुलगा तुमचं सगळं ऐकून नुसतं "ठीक आहे मॅडम" म्हणेल आणि पुढचे काही आठवडे ई-मेलच पाठवत राहील. पाठवू द्या, उत्तर वेळेवर आणि सभ्य शब्दांत द्या. विश्वास परत यायला त्याला वेळ लागेल, आणि तो किती हे तुम्ही ठरवू शकत नाही. फक्त हे बोलणं पुढच्या अधिवेशनाआधी उरका. तारांकित प्रश्न येऊन पडल्यावर कोणाचाच आवाज जागेवर राहत नाही.